आधी पंप

दुकानदाराने निळा दिवा लावला आणि टाकीतली प्रवाळं हिरवी-जांभळी चमकू लागली. माझे यजमान लगेच म्हणाले, "वा! हाच घेऊ."

"दिवा शेवटी," मी म्हणाले. "आधी लाटा करणारा पंप दाखवा."

मागच्या वेळी आम्ही दिव्यापासूनच सुरुवात केली होती. मग सोलापूरच्या भर एप्रिल महिन्यात दुपारभर वीज गेली. इन्व्हर्टरवर फक्त झोपायच्या खोलीतला पंखा होता आणि त्याखाली हे घोरत होते. बाहेर टाकीतलं खारं पाणी हलायचं थांबलं, माशांचा श्वास कोंडला. मी शाळेतून शिकवून आले, तेव्हा सगळे उलटे तरंगत होते.

"वीज गेली तरी हा चालायला हवा," मी बजावलं.

"इन्व्हर्टरवर टाका की, ताई. पण पंखाही त्यावरच असेल, तर बॅटरी लवकर उतरेल. दोन्हीतलं एकच ठेवा."

भांडायची तयारी मी घरूनच करून आले होते.

यांनी दिवा बंद केला, पंप उचलून माझ्या हातात दिला आणि दुकानदाराला विचारलं, "इथे जवळपास हातपंखा कुठे मिळेल हो?"