मागावरचा माणूस

म्हातारीकडे कोण बघतंय, म्हणून व्हिएन्नातल्या हेरखात्यानं हर्मिनाआजींना कामाला लावलं होतं. तरी शत्रूचा एक माणूस हिवाळाभर त्यांच्या मागावर होताच. आज पिशवीतल्या लोकरीच्या गुंड्यात गुप्त फिल्म होती. "आजी, आज त्याला चुकवायचंच. सापडलात तर आम्ही ओळखही दाखवणार नाही," साहेबांनी बजावलं होतं. सुटत्या ट्राममध्ये उडी मारायचा सराव आजींनी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर केला होता. उडी अगदी झकास जमली. तो बिचारा बर्फात घसरत, धडपडत मागे धावत राहिला. त्याच्या गळ्यात निळा मफलर होता. आजींनीच विणलेला, बागेतल्या बाकावर मुद्दाम विसरलेला. नवरा गेल्यापासून आजी घरातून कधी निघतात, कुठे जातात, हे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक होतं? मिटत्या दारात त्यांनी छत्री खुपसली. "अहो कंडक्टर, गाडी थांबवा!" आजी कळवळून ओरडल्या, "आमचं माणूस मागे राहिलंय."