खड्डा कुठाय?

“चंद्रावर माणूस गेलाच न्हाई. एवढं मोठं इंजिन आग ओकत उतरलं म्हणं, मग त्याच्याखाली खड्डा कुठाय?” कॅरमचा स्ट्रायकर बोटाशी धरून आण्णांनी विचारलं. तालीम मंडळात या प्रश्नाला आजवर कुणाला उत्तर सुचलं नव्हतं, आणि आण्णा त्यावरच मिशीला पीळ देत आले होते.

जेवायला बोलवायला आलेली त्यांची सून दारातच थांबली होती. नुकतंच लग्न होऊन आलेली, शाळेत विज्ञान शिकवणारी. “मी सांगू, मामा?” म्हणत ती आत आली. बोर्डाच्या मधोमध मूठभर पावडर पसरून तिनं जोरात फुंकर मारली. पावडर चहूकडे उडाली; निम्मी आण्णांच्या मिशीवर बसली.

“आता खड्डा दाखवा.”

“लाकडाला कसा पडंल?”

“चंद्रावरही तसंच. वर भुसभुशीत धूळ, खाली घट्ट जमीन. इंजिनानं धूळ बाजूला उडवली, जमीन तिथंच राहिली.”

“हरला की आण्णा,” कोणीतरी म्हणालं. जन्मात कधी हार न मानलेले आण्णा मिशी पुसायचीही विसरले. सुनेकडे बघताना त्यांची छाती मात्र फुगली होती.

दुसऱ्या दिवशी पावडरचा डबा आणि सुनेला घेऊन ते शेजारच्या पेठेतल्या मंडळात शिरले. “चंद्रावर माणूस गेलाच न्हाई, असं म्हणणारं कोण हाय का हितं?”

कुणीच पुढं आलं नाही. आण्णांचा चेहरा पडला, पण क्षणभरच.

“मग मी म्हणतो, न्हाई गेला,” ते बाकावर ऐसपैस बसले. “खड्डा कुठाय? सांग, पोरी.”