खुंट्यावरचा दोर

ऑगस्टमधल्या सोसाट्याच्या वाऱ्याने जहाज तिसऱ्यांदा बेटाच्या धक्क्यापासून मागे ढकलले. धक्क्यावर जहाजं बांधणाऱ्या स्तामातिसने खुंट्याला अडकवलेला जहाजाचा दोर तुटायच्या बेतात होता. जहाजाच्या उघड्या दारात त्याची लेक उभी होती. चार वर्षांनी जर्मनीहून आलेली, कडेवर त्याने कधीच न पाहिलेली नात. वारा सोमवारपर्यंत पडणार नव्हता आणि तिची रजा रविवारी संपत होती. “दोर सोड, म्हाताऱ्या!” दारातला खलाशी ओरडला. “माझी पोर आहे रे! आणखी एकदा बघा की!” “इथं तीनशे पोरं आहेत, सगळ्यांना बुडवू?” “सोड आता, गड्या,” शेजारचा मिशाळ पोलीस म्हणाला. स्तामातिस वाकला. दोन्ही हातांनी ओला दोर काढून त्याने पाण्यात टाकला. लेक त्याच्याकडे बोट दाखवून नातीला काहीतरी सांगत होती. नात हसली आणि पोलिसाकडे बघून हात हलवू लागली. पोलिसानेही गोंधळून हात केला.