पहिलं उचललेलं पिल्लू

राखणदारानं चारही पिल्लं टोपलीतून आणली आणि वखारीच्या अंगणात, उन्हानं तापलेल्या पत्र्यावर ओतली. ओतलीच म्हणायची, ठेवली नाहीत. सासूबाईंचा हुकूमच तसा होता. पिल्लं किंचाळायला लागली. पलीकडे साखळीला बांधलेली कुत्री अंगभर थरथरत होती.

"सोडू का बाई तिला? चटके बसतायत पिल्लांना."

"बसू देत. चटका बसल्याशिवाय आईच्या पोटातलं बाहेर येत नाही." सासूबाई खुर्चीवर पाय वर घेऊन ऐसपैस बसल्या होत्या. "कान बघ, शेपूट बघ, असं करून पिल्लू निवडणारे सगळे फसतात. माझे वडील असंच निवडायचे. आई पहिलं उचलेल ते खरं पिल्लू. बाकी नुसता पसारा."

सून बाजूला उभी होती. तिला कुत्र्यामांजरांचा सोस नव्हता. सासूबाईंनीच तिला दंडाला धरून आणलं होतं. "ये, शिकून घे," म्हणाल्या होत्या.

काय शिकायचं होतं ते सुनेला पक्कं ठाऊक होतं. नणंदेची कूस रिकामी, आणि हिला एका खेपेला दोन मुली. दुपारी नणंद गाडी घेऊन यायची होती आणि दोघींतली एक कायमची न्यायची होती. तसं ठरलं होतं. कुणी ठरवलं, हे या घरात कुणी विचारत नसे. नवऱ्यानं "आई म्हणेल तसं" म्हणून अंग काढून घेतलं होतं आणि सकाळपासून तो करवतीच्या मशीनला चिकटला होता. त्या घरघरीत काही ऐकू येत नाही, ते त्याच्या पथ्यावरच पडलं होतं. आता एवढंच उरलं होतं, की द्यायची कुठली. अंगानं भरलेली, जिला आजीनंच भोपळी नाव ठेवलं होतं, की दुसरी, काडी?

"हां, सोड आता."

साखळी सुटली तशी कुत्री झेपावली. चौघांवरून तिनं नाक फिरवलं, परत फिरवलं, आणि तांबूस अंगाचं, पांढऱ्या तोंडाचं एक पिल्लू मानगुटीला धरून उचललं. ते घेऊन ती फळ्यांच्या ढिगाखाली घुसली.

"बघितलंस?" सासूबाईंनी मांडीवर थाप मारली. "हे ठेवायचं. बाकीची पोत्यात भर आणि कालव्यात सोडून ये."

राखणदार घुटमळला. "बाई, ती परत येईल. सगळ्यांनाच नेईल ती."

"म्हणून तर म्हणते, ती यायच्या आत भर."

कुत्री परत आली तेव्हा पत्रा रिकामा होता. तिनं पत्रा हुंगला, पत्र्याखाली नाक घातलं, मग राखणदाराच्या पायाशी येऊन पोत्याला तोंड लावलं. त्यानं तिला पायानं बाजूला लोटलं. तिच्याकडे न बघता पोतं खांद्यावर टाकून तो फाटकाबाहेर पडला. कुत्री मागे धावली, पण त्यानं फाटक ओढून घेतलं होतं.

"मुक्या जनावराला कळतं," सासूबाई सुनेकडे वळल्या. "आणि तुला इतके दिवस विचारतेय, तर तू मूग गिळून बसलीस. कुठली देतेस?"

"मला दोघी सारख्याच आहेत, आई."

"सारखं काही नसतं. मी तीन पोरं काढलीत, मला विचार. तोंडानं सारखं म्हणायचं. हात मात्र एकीकडेच जातो."

"मग तुमचा कुणाकडे जायचा?"

"माझा मी कुणाला दिसू दिला नाही." सासूबाई हसल्या. "तेवढी अक्कल लागते."

एवढ्यात पिल्लांचं नाव ऐकून दोघी पोरी घरातून पळत सुटल्या. अजून बोबडं बोलायच्या, पण पळायला पटाईत. एकमेकींचा हात धरून पळताना भुशात दबलेली फळी त्यांना दिसली नाही. दोघी आपटल्या, एक इकडे, एक तिकडे. भोपळीचा गुडघा फुटला. काडीच्या ओठातून रक्त आलं. दोघींनी एकदमच भोकाड पसरलं आणि एकदमच हात वर केले.

"आई! आई!"

सून धावली. चार पावलं गेली असेल नसेल, तोच मागे खुर्ची करकरली. सासूबाई पाय खाली सोडून पुढे सरकून बसल्या होत्या.

सून जागच्या जागी थांबली.

डाव्या हाताला भोपळी, उजव्या हाताला काडी. दोघींना उचलायचं म्हटलं तरी एकीला आधी उचलावं लागणार. वाकायचं म्हटलं तरी कुणाकडे तरी वाकावं लागणार. तिनं दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले आणि मधल्या भुशावर नजर रोवली. डोळा जरी इकडे तिकडे हलला असता, तरी तो धरला गेला असता.

"अगं, उचल की," सासूबाई साखरेसारख्या आवाजात म्हणाल्या. "पोरी रडतायत. मी काही म्हणतेय का?"

सून हलली नाही.

पोरींचं रडणं वाढलं, चिरकं झालं, मग नुसते हुंदके उरले. वर केलेले हात थकून खाली आले. शेवटी दोघी गप्प झाल्या आणि भुशात बसल्या बसल्या आईकडे बघायला लागल्या, ओळखपाळख नसलेल्या बाईकडे बघावं तशा.