कंपनीपेक्षा एक जास्त

स्वानंदीच्या बारशाच्या वर्षी तिच्या बापाने, अवधूतने, छोटी गाडी घेतली आणि कंपनी सांगते तेवढं ॲव्हरेज काढून दाखवायचा विडाच उचलला.

बेळगावला दवाखान्यात त्याच्या बायकोचे, विद्याचे, वडील लेकीच्या वाटेकडे डोळे लावून पडले होते, आणि बंगळुरातल्या बसवनगुडीहून निघालेला हा तिचा शहाणा नवरा एसी बंद करून, मोकळ्या हायवेवर लॉरीच्या मागे रांगत होता.

“अहो, दाबा ना जरा! बाबा वाट बघतायत.”

“दाबलं की ॲव्हरेज पडतं. स्वल्प दम धर.”

बेळगावात शिरल्यावरही त्याने आधी पंप गाठला. टाकी पुन्हा काठोकाठ भरल्याशिवाय हिशेब कळत नाही म्हणे!

“विद्या, पंचवीस! कंपनीपेक्षा एक जास्त!”



विद्याचे वडील रत्नाकर त्याच दुपारी, गाडी पंपावर उभी असताना वारले.