उजेडावर जगणारी डबी

"आजी, दिवा लावा ना. काही दिसत नाहीये," पाणी कंपनीचा माणूस दारातच अडखळून म्हणाला.

"मलाही दिसत नाही," कुमुदताई फणकारल्या. काचबिंदूने डोळे गेल्यापासून त्या घरात दिवा लावत नव्हत्या, आणि सोलापूरच्या उन्हापायी खिडक्या दिवसभर बंद. "आधी सांगा, सकाळपासून नळाला पाणी का नाही?"

त्याने भिंतीवर कालच बसवलेल्या पांढऱ्या डबीवर मोबाइलचा टॉर्च मारला. "हा सेन्सर चालू असला की घरात कोणी आहे, असं आमचं यंत्र धरतं. याला बॅटरी नसते, खोलीतल्या उजेडावर चालतो. तुमच्याकडे अंधार, म्हणून बंद पडला. मग घर रिकामं समजून पाणी आपोआप तोडलं जातं."

"म्हणजे मी इथे खोकतेय, भांडी घासतेय, रेडिओ ऐकतेय, आणि तुमच्या लेखी मी नाहीच?"

"तसं नाही हो. एक ट्यूब दिवसभर चालू ठेवा, बास."

"कोणासाठी?"



कुमुदताईंनी भिंत चाचपली, डबी खसकन उपटली आणि त्याच्या हातात कोंबली. "जिन्यातल्या दिव्याखाली चिकटवा ही. तिथे कोणी राहत नाही, पण दिवा कायम जळतो. तुमच्या यंत्राला तेवढंच कळतं. आणि जाताना दार ओढून घ्या, झळा येतात."

त्याने दार ओढून घेतलं आणि जिन्यातल्या दिव्याखाली डबी चिकटवली. त्याची पावलं शेवटच्या पायरीवर पोचायच्या आत स्वयंपाकघरातला नळ खळखळून वाहू लागला.