गुण नाही

"माझी डुकरीण विहिरीत पडली ना, त्याच दिवशी ही जन्मली," म्हातारा हॉजकिन म्हणाला.

"त्याला किती वर्षं झाली?" कारभाऱ्याने विचारलं.

हॉजकिनने छताकडे पाहिलं. "ती दोनदा पडली होती, साहेब."

दुसऱ्या साक्षीदाराचा त्या दिवशी पाय मोडला होता. कोणता, हे सांगायला गेला आणि त्याला आठवलं की डावा वेगळ्या साली मोडला. तिसऱ्याला सगळं लख्ख आठवत होतं, पण ते दुसऱ्याच मुलीबद्दल होतं.

मार्लबेकमध्ये जहागिरीची कचेरी भरली होती. सिसिली पायकार्डला आज एवढंच सिद्ध करायचं होतं, की आपल्याला एकवीस पूर्ण झाली. मग बापाची जमीन तिची. तिचा काका हॅमंड म्हणत होता, एकोणीस. म्हणजे जमीन आणखी दोन वर्षं त्याच्या ताब्यात. बाप गेल्यावर पहिल्या वर्षी त्याने तिचे बैल विकले, मग नांगर, यंदा घराचं दार. बिजागऱ्या मात्र ठेवल्या. उगाच लोकांनी हावरट म्हणायला नको.

तिचा बाप्तिस्मा करणारे पाद्रीबाबा वारले होते. गावात लिहून ठेवणारा माणूस एकच, गर्वेस बुल्मर.

गर्वेसच्या वहीत घोड्याचा खोकला होता, पेरणीला अशुभ दिवस होते, नोहाची नाव किती हात लांब होती ते होतं. नाताळची दोन गाणी होती, त्यातलं एक चर्चमध्ये म्हणण्यासारखं. आणि दाढदुखीचा उपाय होता. त्यासाठी तीन गावांची माणसं गाल धरून त्याच्या दारी येत. गळ्यात बेडकाची तंगडी बांधायची आणि उलट्या पावलांनी चर्चला तीन फेरे घालायचे. दुसऱ्या दिवशी दाढ गप्प. त्याला बुल्मर कुणी म्हणतच नसे. दाढ-गर्वेस म्हणत, आणि ते त्याला आवडायचं.

"तुझ्या वहीत या मुलीचा जन्म आहे का?" कारभाऱ्याने विचारलं.

"जन्म-बिन्म नाही लिहीत साहेब. उपयोगाचं तेवढं लिहितो."

तरी तो पानं उलटत राहिला. एका पानावर थांबला. ओठ हलवत वाचलं. कान लाल झाले. त्याने वही मिटली.

"काय होतं?"

"नोहाची नाव, साहेब."

"गर्वेसबाबा," सिसिली म्हणाली, "तुमचं बोट अजून पानातच आहे."

गर्वेसने बोटाकडे पाहिलं, जणू ते दुसऱ्या कुणाचं होतं. मग तिच्याकडे पाहिलं. ती रडत नव्हती. रडली असती तर त्याला नजर फिरवता आली असती. तिने कमरेला गव्हाच्या बियाण्याची पिशवी बांधली होती. निकाल लागला की थेट शेतावर जायच्या बेताने आली होती.

त्याने वही उघडली आणि मोठ्याने वाचलं.

"प्रभूचं वर्ष चौदाशे छप्पन्न. संत ल्यूकचा दिवस. ऑसबर्ट गिरणीवाल्याला तंगडी बांधली. फेरे घातले. आत पायकार्डच्या तान्ह्या सिसिलीचा बाप्तिस्मा चालला होता. ऑसबर्ट असा बोंबलला, की पाद्रीबाबांच्या हातून पोर कुंडात पडलं. पोर ठीक. दाढ तशीच." तो थांबला. "गुण नाही."

कारभाऱ्याने बोटं मोजली. सगळी दोनदा, आणि वर एक. "म्हणजे एकवीस झाली. काल."

"खोटं आहे!" हॅमंड ओरडला. "यानं काल बसून लिहिलं असेल!"

"खोटं लिहायचं असतं, तर माणसानं स्वतःचा उपाय फसला असं लिहिलं असतं?" कारभारी म्हणाला.

गर्वेस मात्र गिरणीवाल्याकडे पाहत होता. "ऑसबर्ट, अरे, हे तर मी त्याच रात्री लिहिलं. दुसऱ्या दिवशी तू हसत आला होतास ना? गेली म्हणालास ना?"

"गेलीच होती," ऑसबर्ट म्हणाला. "सकाळी लोहाराकडून उपटून घेतली. तू एवढा बेडूक शोधलास, थंडीत माझ्याबरोबर उलटा चाललास. तुझं मन मोडवेना."

मागून कुणीतरी खाकरलं. "मीही लोहाराकडेच."

"मीही."

"माझ्या तर दोन."

सगळ्यांनी लोहाराकडे पाहिलं. "मला वाटलं, गर्वेसच पाठवतो," लोहार म्हणाला. "पण ते फेरे बंद करू नका हं. उलटं फिरून चक्कर आलेला माणूस लाथा मारत नाही."

गर्वेसने थोडा विचार केला. कमरेची दौत काढली आणि त्याच पानावर, 'गुण नाही'च्या खाली, लोहाराचं म्हणणं उतरवून घेतलं. उपयोगाचं होतं.

मग रिवाजाप्रमाणे कारभाऱ्याने हातातल्या काठीचं टोक सिसिलीपुढे केलं. टोक धरायचं, जमीन आपली झाली, टोक सोडायचं.

सिसिलीने दोन्ही हातांनी धरलं.

"झालं," कारभारी म्हणाला. "जमीन तुझी. आता सोड."

सिसिलीने मान डोलावली. सोडलं नाही.

कारभाऱ्याने जरा ओढून पाहिलं. मग घसा साफ केला आणि पुढचं प्रकरण तसंच, काठीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून, चालवायला घेतलं.